हॅकरसमूहांचा आणि सायबरसुरक्षेच्या राजकारणाचा अभ्यास कसा करावा

राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र किंवा पत्रकारिता शिकणारे विद्यार्थी सायबरसुरक्षेवर प्रबंध लिहिण्याचा विचार घेऊन येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की, ‘मला प्रोग्रॅमिंग येत नाही, मग हा विषय मी घ्यावा का?’ माझे उत्तर नेहमी होकारार्थी असते. एखाद्या घटनेला ‘हल्ला’ म्हणायचे की ‘बिघाड’, एखाद्या तरुणाला ‘गुन्हेगार’ म्हणायचे की ‘सुरक्षातज्ज्ञ’, हे संगणक ठरवत नाही. ते मंत्री, पोलीस, कंपन्या, पत्रकार आणि टोपणनावाने वावरणारे समूह आपापसांत भांडून ठरवतात. ते भांडण नीट ऐकणे, कोण कोणता शब्द का वापरतो याची नोंद ठेवणे आणि ज्यांनी आपल्याशी मोकळेपणाने बोलणे केले त्यांना त्याची झळ लागू न देणे, एवढे ज्याला जमेल त्याला या विषयात काम करता येते. तांत्रिक ज्ञान लागतेच, परंतु ते वाटेत शिकता येते. ऐकण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून हवी.

या क्षेत्रात शिरताना एका अभ्यासकाचे काम नमुना म्हणून डोळ्यांसमोर ठेवावे असे मी सुचवतो. गॅब्रिएला कोलमन या मानवशास्त्रज्ञ आहेत. शिकागो विद्यापीठात पीएच.डी. करताना त्यांनी डेबियन ही मुक्त संगणकप्रणाली स्वयंसेवेने घडवणाऱ्या प्रोग्रॅमरांचा अभ्यास केला, आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ पासून त्या ‘अनॉनिमस’ या नावाने इंटरनेटवर वावरणाऱ्या, हॅकर आणि आंदोलक यांच्या निनावी समूहाकडे वळल्या, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अध्यापन करत असताना त्यांनी हे काम पूर्णत्वाला नेले, आणि २०१४ मध्ये ते पुस्तकरूपाने वाचकांसमोर आले. आता त्या हार्वर्ड विद्यापीठात आहेत. एखाद्या आदिवासी पाड्यावर किंवा मच्छीमारांच्या वस्तीत राहून मानवशास्त्रज्ञ जे क्षेत्रकार्य करतो, तेच त्यांनी गप्पांच्या ऑनलाइन दालनांत बसून केले, आणि म्हणूनच त्यांच्या कामातून पद्धत शिकता येते.

शब्दांची वही

दालनात शिरण्यापूर्वी घरी बसून एक सराव करावा. त्यासाठी आपल्याच भागातील एक घटना घेऊ.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि करोनाच्या काळात रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. पुढे २८ फेब्रुवारी २०२१ रोजी रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी खासगी कंपनीचा अहवाल प्रसिद्ध झाला. कंपनीनेच ‘रेडएको’ असे नाव दिलेल्या, चीनशी संबंधित गटाने भारताच्या वीजक्षेत्रातील यंत्रणांना लक्ष्य केल्याचे त्यात म्हटले होते. त्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने या हालचालींचा मुंबईच्या अंधाराशी संबंध असू शकतो अशा आशयाची बातमी दिली. कंपनीच्या अहवालात मात्र तसा संबंध सिद्ध झालेला नाही असे नमूद होते. १ मार्चला राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली. त्यापाठोपाठ तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी हा बिघाड मानवी चुकीमुळे झाला, सायबर हल्ल्यामुळे नाही, असे सांगितले.

एका वहीत पाच रकाने आखावेत: तारीख, बोलणारा, त्याने वापरलेला शब्द, त्याने पुरावा दाखवला की केवळ त्याचा उल्लेख केला, आणि तो शब्द मान्य झाला तर कोणाला काय करता येईल. पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि विद्यार्थी नेमका तोच मोकळा सोडतात. ‘घातपात’ हा शब्द मान्य झाला तर प्रकरण गृहखात्याकडे आणि पोलिसांकडे जाते. ‘मानवी चूक’ मान्य झाली तर वीज कोठे किती पाठवायची हे सांभाळणाऱ्या भारप्रेषण केंद्राची कार्यपद्धती, वाहिन्यांची देखभाल आणि अभियंत्यांची जबाबदारी यांवर चर्चा सुरू होते. ‘परदेशी हल्ला’ मान्य झाला तर गलवानच्या चकमकीला वर्ष उलटलेले नसताना तो परराष्ट्रनीतीचा विषय होतो. आणि एखाद्या खासगी कंपनीने गटाला दिलेले नाव सर्वांच्या तोंडी रुळले, तर त्या कंपनीची पत वाढते. वीज एकच गेली, परंतु चार शब्दांनी चार वेगवेगळी खाती कामाला लावली. खरे काय घडले याचा निकाल लावणे हे आपले काम नाही. कोणाचा शब्द टिकला, किती दिवस टिकला आणि तो मागे पडला तेव्हा कोणी तो सोडून दिला, हे आपण शोधायचे आहे.

असाच एक तक्ता जून २०१७ च्या ‘नॉटपेट्या’ या विषाणूविषयी करून पाहावा. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून तो पसरला आणि मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीच्या यंत्रणा बंद पडल्यामुळे न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. अमेरिका आणि ब्रिटन यांनी रशियाच्या लष्करावर जाहीर ठपका ठेवला तो फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे सुमारे आठ महिन्यांनी, आणि तोही पाठोपाठ. कर्ता ठरवणे हा तांत्रिक तपासाचा भाग आहे, हे खरेच. परंतु तो जाहीर करण्याची वेळ आणि सोबतीला कोण हे राजकीय निर्णय असतात. हा मुद्दा सैद्धांतिक भाषेत समजून घ्यायचा असेल तर झुरिकच्या मिरियम डन कॅवेल्टी यांचे धोक्याच्या मांडणीवरचे लेखन, आणि लेन हॅन्सेन व हेलन निसेनबॉम यांचा सायबरसुरक्षेवरचा २००९ चा निबंध वाचावा. पण तक्ता आधी, निबंध नंतर, हा क्रम मोडू नये. उलट केले तर विद्यार्थ्याला घटनेत सिद्धांताखेरीज काही दिसत नाही.

दालनात शिरताना

कोलमन यांनी ज्या दालनांत काम केले ती आयआरसी या व्यवस्थेवर चालत. १९८८ मध्ये फिनलंडमधील यार्को ओइकारिनेन यांनी तयार केलेली ही गप्पांची जुनी, केवळ अक्षरांची व्यवस्था आहे. कोणीही टोपणनाव घेऊन यावे, दालन निवडावे आणि बोलावे. दालनाचे व्यवस्थापक नको असलेल्याला बाहेर काढू शकतात. आज अशा गप्पा टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर अधिक चालतात, परंतु शिष्टाचार फारसे बदललेले नाहीत.

पहिला नियम असा की आपली ओळख लपवून अभ्यास करू नये. कोलमन या दालनांत ‘बिएला’ या नावाने वावरत आणि त्या संशोधक आहेत हे सर्वांना माहीत असे. सगळे जण जिथे मुखवटा घालून बसले आहेत तिथे एकट्यानेच चेहरा उघडा ठेवण्यात काय अर्थ, असे विद्यार्थ्यांना वाटते. अर्थ हा की पुढे कोणी आपल्याशी बोलले तर ते जाणूनबुजून बोललेले असते, आणि त्या बोलण्याचा उपयोग करण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. विद्यापीठाच्या पानावर आपले नाव, विषय आणि मार्गदर्शकाचे नाव असलेला एक परिच्छेद आधी प्रसिद्ध करून घ्यावा. कोणी ‘तू कोण’ असे विचारले की त्याचा दुवा द्यावा. व्यवस्थापकांना पहिल्याच दिवशी लिहावे, आणि त्यांनी नकार दिला तर निमूटपणे बाहेर पडावे.

थेट अशा दालनांत जाण्याआधी माणसांना प्रत्यक्ष भेटता येईल अशा ठिकाणी सुरुवात केलेली बरी. ‘नल’ या खुल्या सुरक्षासमूहाच्या पुण्यात आणि मुंबईत शाखा आहेत, तिथे सुरक्षेत रस असलेली तरुण मंडळी एकत्र जमून एकमेकांना शिकवतात. आणि २०१० पासून गोव्यात भरणाऱ्या नलकॉन परिषदेला देशभरातून हॅकर, कंपन्यांचे प्रतिनिधी आणि सरकारी अधिकारी येतात. परिषदेत व्याख्यानांपेक्षा चहाच्या वेळी अधिक शिकायला मिळते. सॉफ्टवेअरमधील त्रुटी शोधून बक्षीस मिळवणारा विशीतला मुलगा आणि ती त्रुटी वेळेत दुरुस्त न करणाऱ्या कंपनीचा अधिकारी एकाच टेबलाशी उभे राहतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात कोण कोणाला ‘सर’ म्हणतो याकडेही लक्ष ठेवावे.

बसणे आणि टिपणे

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, आणि सगळा अभ्यास त्यावरच उभा राहतो. रोज ठरलेल्या वेळी बसायचे. अमेरिकेतील समूहाचा अभ्यास असेल तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच झालेले असतात, याचा विचार करून दिनक्रम आखावा. दोन महिने अशा पहाटे जागवायची तयारी नसेल तर जवळचा समूह निवडावा. बोलण्याची घाई करू नये, पण पूर्ण मुकेही राहू नये. आठवडेच्या आठवडे गप्प बसलेल्या माणसाचा संशय येतो, आणि तो रास्तच असतो.

संवाद आपोआप साठवून ठेवणारी साधने सहज मिळतात, त्यामुळे टिपणे कशाला काढायची असे वाटते. साठवलेल्या मजकुरात जे बोलले गेले तेवढेच असते. जे बोलले गेले नाही ते टिपणात येते. नमुन्यादाखल एक कल्पित टिपण देतो:

‘पहाटे ५.५०. दालनात साठेक नावे, बोलणारे सात. एका नवख्याने विचारले, साधन कुठून घ्यायचे. तिघांनी त्याची खिल्ली उडवली. चौथ्याने दुसऱ्या दालनाचा पत्ता दिला. ५.५६ ला व्यवस्थापकाने पत्ता देणाऱ्याला दम भरला. खिल्ली उडवणाऱ्यांना कोणी काही म्हटले नाही. त्यानंतर अकरा मिनिटे शांतता. पुन्हा बोलणे सुरू झाले ते मांजराच्या चित्रावरून.’

या आठ ओळींत बरेच काही आहे. या समूहात खिल्ली उडवणे हा गैरवर्तनाचा प्रकार मानला जात नाही, उलट नवख्याला दारातच पारखण्याची ती रीत आहे. मदत करणे मात्र नियमभंग ठरू शकते, कारण मदतीत पत्ता फुटतो. अकरा मिनिटांची शांतता सांगते की दटावणे सर्वांना लागले. अशा समूहांचे नियम कोठेही लिहून ठेवलेले नसतात. कोणाला कशासाठी झापले जाते यावरून ते ओळखावे लागतात. अनॉनिमसमध्ये वैयक्तिक प्रसिद्धीच्या मागे लागणाऱ्याला किती हीन लेखले जाते, हे कोलमन यांच्या हाती लागले ते अशाच दीर्घ बसण्यातून. बाहेरच्या जगाला जो समूह बेबंद वाटत होता, त्याला आतून एक कडक नीती होती. त्यांच्या सगळ्या कामातला हा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो.

हे न कळल्याने काय होते याचे उदाहरण फेब्रुवारी २०११ मध्ये दिसले. एचबीगॅरी फेडरल या अमेरिकी सुरक्षाकंपनीचे प्रमुख आरॉन बार यांनी समाजमाध्यमांवरील खाती आणि दालनांतील टोपणनावे यांची सांगड घालून अनॉनिमसचे ‘नेते’ आपण ओळखले असल्याचे जाहीर केले. अनॉनिमसने कंपनीच्या यंत्रणेत शिरून तिच्या हजारो ईमेल प्रसिद्ध केल्या आणि बार यांना पद सोडावे लागले. पक्की उतरंड, वर सेनापती, खाली शिपाई, ही रचना गृहीत धरून ते शोधत होते, आणि तशी रचना तिथे नव्हती. ऑनलाइन समूहाचा अभ्यास करताना ‘यांचा म्होरक्या कोण’ हा प्रश्न शक्यतो विचारूच नये. ‘या कामाला आज कोण धावले आणि का’ असा विचारावा. डिसेंबर २०१० मध्ये, गोपनीय कागदपत्रे प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्स या संस्थेच्या देणग्या रोखणाऱ्या पेपॅल, मास्टरकार्ड आणि व्हिसा यांच्याविरुद्ध जे आले, आणि २००८ मध्ये सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाच्या चर्चविरुद्ध मुखवटे घालून रस्त्यावर जे उतरले, ते सगळे एकच होते असे मानण्याला काही आधार नाही. नाव तेच, माणसे वेगळी.

उपमा निवडताना एक सावधगिरी सांगावीशी वाटते. कोलमन यांनी अनॉनिमसची तुलना लोककथांतील खोडकर, मर्यादा मोडणाऱ्या पात्रांशी केली आहे. मराठी विद्यार्थ्याला इथे लगेच कळीचा नारद आठवतो, आणि काही अंतरापर्यंत तो शोभतोही: भांडण लावणे, वेष पालटणे, बलवानाची फजिती करणे. परंतु नारदाची कळ शेवटी देवकार्याच्या उपयोगी पडते आणि कथेतील श्रोत्याला ते आधीपासून माहीत असते. या समूहांच्या खोडीचा शेवट कोणालाच ठाऊक नसतो. एखादी थट्टा जुलूमशाहीविरुद्धच्या मोहिमेत बदलते, तर एखादी निरपराध माणसाच्या छळात. उपमा वापरावी, पण ती कोठे तुटते तेही त्याच पानावर लिहावे.

कोठे थांबायचे

आता कायद्याचा भाग. हा वाचून काही जण विषय सोडतात, आणि मला त्याचे वाईट वाटते. पण अर्धवट माहितीवर आत शिरण्यापेक्षा ते चांगले.

पेपॅल आदी कंपन्यांविरुद्धच्या २०१० च्या त्या मोहिमेत संकेतस्थळावर एकाच वेळी मागण्यांचा मारा करणारे ‘लोइक’ नावाचे साधन अनेकांनी उत्साहाने वापरले. ते वापरणाऱ्याचा इंटरनेटवरील पत्ता लपवत नसे, हे त्यांपैकी अनेकांना माहीत नव्हते. पेपॅलवरील माऱ्याबद्दल जुलै २०११ मध्ये अमेरिकेत १४ जणांवर आरोप ठेवण्यात आले. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ आणि ६६ यांनुसार परवानगीवाचून संगणकात शिरणे किंवा त्याची सेवा अडवणे यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ‘मी संशोधनासाठी केले’ हा बचाव त्या कलमांत लिहिलेला नाही. म्हणून साधन चालवून पाहू नये, चोरीचा विदासंच (डेटा) उतरवून घेऊ नये, आणि जिथे बेकायदा कृत्याची आखणी चालते अशा बंद दालनाचे निमंत्रण आले तर नाकारावे. कोलमन यांनी अशा गुप्त दालनांपासून स्वतःला दूर ठेवले होते. काही गोष्टी माहीत नसणे हे या क्षेत्रात अभ्यासकाचे संरक्षण आहे, आणि बोलणाऱ्याचेही.

याचे कारण ‘साबू’च्या प्रकरणात सापडते. हेक्टर मोनसेगुर हा न्यूयॉर्कमधील तरुण या टोपणनावाने अनॉनिमस आणि लल्झसेक या गटांत पुढे होता. जून २०११ मध्ये तो पकडला गेला आणि त्यानंतर अनेक महिने एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेसाठी काम करत राहिला. ही गोष्ट उघड झाली ती ६ मार्च २०१२ रोजी. त्या काळात कोलमन त्याला न्यूयॉर्कमध्ये प्रत्यक्ष भेटल्या होत्या. त्याच्या सहकाऱ्यांपैकी जेरेमी हॅमंड याला स्ट्रॅटफॉर या खासगी गुप्तवार्ता कंपनीवरील घुसखोरीबद्दल नोव्हेंबर २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. दालनात आपल्या शेजारी बसलेला कोणीही खबऱ्या असू शकतो, हे गृहीत धरूनच प्रत्येक ओळ लिहावी आणि प्रत्येक प्रश्न विचारावा.

तसेच आपली वही कोणी मागणार नाही असे समजू नये. बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधील संघर्षाविषयी मुलाखती घेताना बोलणाऱ्यांना हयातीत गुप्ततेचा शब्द दिला होता. २०११ पासून त्या ध्वनिफितींसाठी न्यायालयीन आदेश निघाले आणि काही मुलाखती ब्रिटनच्या तपासयंत्रणेच्या हाती गेल्या. भारतात वकील आणि अशील यांच्या संवादाला पुराव्याच्या कायद्याचे जे संरक्षण आहे ते संशोधकाला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार दस्तऐवज सादर करण्याचा आदेश मिळू शकतो. म्हणून पाळता न येणारे वचन देऊ नये. ‘तुमचे नाव मी कोणालाही सांगणार नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘तुमचे नाव मी जाणून घेणार नाही आणि लिहूनही ठेवणार नाही’ असे म्हणावे, आणि तसेच वागावे.

ओळख झाकणे

सुरुवातीच्या काळात एका छोट्या परिसंवादात मी एका संवादाचे छायाचित्र पडद्यावर दाखवले होते. टोपणनावे खोडली होती, वेळ खोडली नव्हती. त्याच रात्री समूहातील एका सदस्याने मला लिहिले की केवळ वेळेवरून बोलणारा कोण हे त्याने ओळखले, आणि तो बोलणारा त्या दिवसापासून दालनात यायचा बंद झाला. ही खंत आजही मनात आहे, आणि म्हणून हा भाग जरा विस्ताराने लिहितो.

टोपणनाव हे या समूहांत खरे नावच असते. त्याला वर्षानुवर्षांची पत जोडलेली असते. म्हणून टोपणनावालाही टोपणनाव द्यावे. वाक्य जसेच्या तसे उद्धृत केले तर शोधयंत्रावर ते टाकून मूळ बोलणाऱ्यापर्यंत क्षणात पोहोचता येते, त्यामुळे आशय राखून वाक्य बदलावे, दोन प्रसंगांचे एकत्रीकरण केले असेल तर तसे प्रस्तावनेत सांगावे, आणि तारीख व वेळ ढोबळ ठेवावी. इंग्रजी संवाद मराठीत आणला की थोडे संरक्षण आपोआप मिळते. मराठी समूहांचा अभ्यास करणाऱ्याला मात्र उलटी अडचण येते. ‘मले’, ‘तुले’ लिहिणारा वऱ्हाडाकडचा, ‘माका’, ‘तुका’ लिहिणारा मालवणचा किंवा गोव्याचा, हे कोणत्याही मराठी वाचकाला कळते; पन्नास जणांच्या गटात मालवणी लिहिणारा एकच असेल तर त्याचे नाव छापल्यासारखेच झाले. बोलीचा गोडवा गमावण्याचे दुःख होते, पण अशा ठिकाणी प्रमाण मराठीत लिहावे. असोसिएशन ऑफ इंटरनेट रिसर्चर्स या संघटनेने २००२ पासून वेळोवेळी सुधारून प्रसिद्ध केलेली नैतिक मार्गदर्शक तत्त्वे या कामी उपयोगी आहेत. आपल्या विद्यापीठाच्या नीतिसमितीपुढे प्रस्ताव मांडताना ती सोबत जोडावीत, कारण समितीतील ज्येष्ठ सदस्यांना ऑनलाइन क्षेत्रकार्याची कल्पना असेलच असे नाही.

राज्यसंस्थेची बाजू

समूहात रमलेला अभ्यासक सरकारी कागद वाचायचे विसरतो. तो कोरडा भाग असला तरी टाळू नये. संसदेतील प्रश्नोत्तरे, न्यायालयांचे निकाल आणि सर्ट-इन या सायबरसुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेचे निर्देश नियमित वाचावेत. उदाहरणार्थ, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटना सहा तासांच्या आत कळवणे आणि संगणकयंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. ‘घटना’ म्हणजे काय याची जी यादी त्यांना जोडलेली आहे ती आपल्या शब्दांच्या वहीसाठी उत्तम सामग्री आहे. माहिती अधिकारातून सर्ट-इनकडे काही मागायचा बेत असेल तर नोव्हेंबर २०२३ मध्ये ही संस्था त्या कायद्याच्या कक्षेतून बहुतांशी वगळण्यात आली आहे हे लक्षात घ्यावे. कायद्यातील एकेक शब्द माणसांपर्यंत कसा पोहोचतो हे पाहायचे असेल तर पालघरकडे पाहावे: नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथल्या दोन तरुणींना एका फेसबुक नोंदीवरून अटक झाली, त्या अटकेनंतर माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६अ ला आव्हान दिले गेले, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द ठरवले. ‘त्रासदायक’ आणि ‘गैरसोयीचे’ अशा संदिग्ध शब्दांवर तो सगळा खटला उभा होता.

राज्यसंस्था आणि हॅकर यांच्या दोन रेषा कोठे मिळतात हेही पाहावे. १९ मे १९९८ रोजी बॉस्टनच्या ‘लॉफ्ट’ या गटातील सात हॅकर अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्षीला बसले, टोपणनावांच्या पाट्या समोर ठेवून, आणि अर्ध्या तासात इंटरनेट ठप्प करता येईल असे त्यांनी सांगितले. कालपर्यंतचे संशयित त्या दिवशी तज्ज्ञ म्हणून बोलत होते. हा बदल कसा घडला यावर कोलमन आणि मॅट गोएर्झन यांनी २०२२ मध्ये सविस्तर अहवाल लिहिला आहे. सॉफ्टवेअरमधील त्रुटी जाहीरपणे मांडून कंपन्यांना दुरुस्तीस भाग पाडायचे, या हॅकरांच्या आग्रहाला त्यात मोठे स्थान आहे. भारतात त्रुटी शोधणाऱ्या तरुणांचा असाच प्रवास आज आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे, आणि तो मराठीत अजून फारसा लिहिला गेलेला नाही. विषय शोधणाऱ्यांनी इथे यावे असे मला मनापासून वाटते.

पत्रकारांचे फोन

अशा विषयावर काम करणाऱ्याला एक दिवस वृत्तवाहिनीवरून फोन येतोच. कोलमन यांना अनॉनिमसच्या ऐन भरात पत्रकारांशी सतत बोलावे लागले, आणि कॅनडाच्या गुप्तचर संस्थेने बोलावले तेव्हा त्यांनी तिथेही व्याख्यान दिले. त्याविषयी त्यांनी पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. फोन येण्याआधीच एका कागदावर दोन यादी कराव्यात: काय सांगेन आणि काय सांगणार नाही. दुसऱ्या यादीत व्यक्ती, चालू घटना आणि ‘हे कोणी केले असेल’ हा अंदाज असावा. समूहाची रीत, इतिहास आणि शब्दांचा अर्थ एवढे पहिल्या यादीत पुरेसे आहे. पोलीस किंवा गुप्तचर यंत्रणांकडून बोलावणे आले तर एकट्याने जाऊ नये, मार्गदर्शकाला आणि विद्यापीठाला लेखी कळवावे, आणि भेट झाल्यावर दालनात तसे जाहीर करता येईल का हे व्यवस्थापकांशी बोलून ठरवावे. लपवलेली भेट पुढे उघड झाली की वर्षांची मेहनत एका दिवसात वाया जाते.

प्रबंधाचे प्रकरण लिहून झाले की ते समूहातील दोघातिघांना वाचायला द्यावे. मराठी वाचता येत नसेल तर प्रत्येक प्रसंगाचा आशय त्यांच्या भाषेत सांगावा. ते निष्कर्षांवर वाद घालतील. तो वाद टीपांत नोंदवावा, पण केवळ त्यांना आवडले नाही म्हणून निष्कर्ष बदलू नये. ‘या वाक्यावरून मला ओळखता येते’ असे कोणी म्हटले तर मात्र ते वाक्य कारण न विचारता काढावे. दिलेली टोपणनावे आणि मूळ टोपणनावे यांची जुळणी दाखवणारा कागद एकच असावा, तो संगणकावर नसावा, आणि मौखिक परीक्षा पार पडून पदवी हाती आली की तो त्याच आठवड्यात जाळून टाकावा.